मागच्या रांगेतील व्योमकेश

आमच्या आंबिवलीच्या घरात पुस्तकांचे एकच मोठे कपाट आहे आणि त्याचे कप्पे इतके खोल आहेत की एकामागे एक अशा दोन रांगा सहज मावतात. पुढच्या रांगेत तुकारामांची गाथा, हरिभाऊ, केतकर, मर्ढेकर, समीक्षेचे जाडजूड ग्रंथ आणि विद्यापीठाने यंदा अभ्यासाला नेमलेले जे काही असेल ते. मागच्या रांगेविषयी कुणाला काही सांगण्याची वेळ सहसा येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी संदर्भासाठी घरी आली, तिने 'पण लक्षात कोण घेतो' ओढून काढले आणि त्या खिंडारातून तिला व्योमकेश बक्षी दिसला. त्याला खेटून बाबूराव अर्नाळकर. "मॅडम, सर, हे तुम्ही वाचता?" असे तिने विचारले, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात उत्तर दिले, "संशोधनासाठी."

हे धादांत खोटे होते. आम्ही व्योमकेश वाचतो तो निव्वळ आवडतो म्हणून, आणि गेली बरीच वर्षे वाचतो. आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठीचे अध्यापक, दोघेही चाळिशी ओलांडलेले. आमच्यातील एकीची नोकरी कायम आहे, एकाची अद्याप तासिका तत्त्वावर आहे. वर्गात 'रंजनप्रधान साहित्य' हा घटक शिकवताना आम्ही रहस्यकथेला साधारण पंधरा मिनिटे देतो आणि ती पंधरा मिनिटे फळ्याकडे तोंड करून उरकतो. त्या दिवशी ती मुलगी गेल्यावर आम्हांला आमचीच लाज वाटली, म्हणून हे लिहीत आहोत.

या आवडीचे मूळ शोधायचे तर १९९३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका सुरू झाली. (दुसरा भाग १९९७ मध्ये आला.) रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. आमच्यातील तो तेव्हा मोहने येथील कामगारवस्तीत चौदा वर्षांचा होता आणि ती वाईला अकरा वर्षांची. एकमेकांचे अस्तित्वही ठाऊक नसलेली ही दोन मुले एकाच संध्याकाळी एकाच गुन्हेगाराचा अंदाज बांधत होती, असे आम्ही पुढे गमतीने म्हणत आलो. प्रत्यक्षात वाईच्या घरी त्या वेळेला वीज असेच असे नाही. तिला मात्र एक गोष्ट पक्की आठवते. सत्यवतीचे काम करणारी सुकन्या कुलकर्णी ही आपली मराठी मुलगी आहे, हे कळल्यावर घरातल्या बायकांनी सत्यवतीला माहेरवाशीण करून टाकले होते. व्योमकेश बंगाली खरा, पण बायको आमच्याकडची!

ही जवळीक अगदीच काल्पनिक नव्हती, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. व्योमकेशचे निर्माते शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) हे १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईस आले आणि १९५२ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून पुण्यात स्थायिक झाले. व्योमकेशची पहिली कथा १९३२ ची. १९३६ नंतर तो जवळजवळ पंधरा वर्षे गप्प झाला. १९५१ च्या सुमारास 'चित्रचोर'मध्ये परतला आणि मग लेखकाच्या मृत्यूपर्यंत थांबला नाही. म्हणजे कोलकात्याच्या हॅरिसन रोडवरील त्या बिऱ्हाडातील चहा, सिगारेटचा धूर, पुंटिराम नोकराची लगबग आणि सत्यवतीचे फणकारे यांचा मोठा भाग आपल्या पुण्यात बसून लिहिला गेला. याच शरदिंदूंनी बंगाली मुलांसाठी शिवकाळातील सदाशिव नावाच्या एका मराठी पोराच्या साहसकथाही लिहिल्या. एम. ए. च्या दोन वर्षांत यातील अवाक्षरही आमच्या कानांवर पडले नाही. त्या दोन वर्षांत कलिन्याच्या रानडे भवनात आमची एकमेकांशी ओळख झाली, हे मात्र मान्य केले पाहिजे. ओळखीचे निमित्त एका झेरॉक्स प्रतीचे, आणि पहिले खरे संभाषण ग्रामोफोनच्या सुईविषयीचे. सायकलच्या घंटीतून सुई झाडून माणूस मारता येईल का, असा तो वाद होता. तो अजून मिटलेला नाही.

आमच्या घरात रहस्यकथा आधीपासूनच नांदत होती. तिचे मालक बाबा. बाबांनी कारखान्यात पाळ्या केल्या आणि तिसऱ्या पाळीहून आल्यावर झोप येईपर्यंत अर्नाळकर वाचले. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६), यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड, धनंजय, झुंजार हे त्यांचे वीर. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांतल्या साठ-सत्तर तरी होत्या, बहुतेक कल्याणच्या रद्दीवाल्यांकडून घेतलेल्या. आई १९९९ मध्ये गेली. त्यानंतर बाबांनी काळापहाड आणि धनंजय यांना ट्रंकेच्या तळाशी घातले आणि झुंजार तेवढा वर ठेवला, हे आमच्यातील त्याने तेव्हा पाहिले होते. अर्थ लागला नव्हता. झुंजारच्या कथांत त्याची बायको विजया असते. एवढाच फरक.

पुढे २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदी वस्तीत शिरली आणि ट्रंक अर्धी बुडाली. तळाचे काळापहाड लगदा होऊन गेले. वरचे झुंजार वाचले, पण ओलीने चिकटलेली पाने सोडवताना कित्येकांची शेवटची पाने फाटून गेली. आम्ही हळहळलो. बाबा म्हणाले, "शेवटात काय असतंय? पकडतातच." आणि पुढची कितीतरी वर्षे ती शेवटाविना पुस्तके ते आनंदाने वाचत राहिले.

बाबांच्या त्या वाक्यात आम्हांला आज एक समीक्षासूत्र दिसते. एकाच नायकाची मालिका वाचणारा वाचक खुनासाठी परत येतो असे मानले जाते. आमचा अनुभव निराळा आहे. व्योमकेशच्या बहुतेक कथांतील खुनी आम्हांला नावानिशी ठाऊक आहेत. तरी आम्ही परत जातो, ते खून आणि उलगडा यांच्या मधल्या जागेत. तिथे दुपारचा दुसरा चहा आलेला असतो, व्योमकेश वर्तमानपत्रातील जाहिराती वाचत असतो, आणि सत्यवती कुठल्यातरी क्षुल्लक कारणावरून त्याच्याशी अबोला धरण्याच्या बेतात असते. खून प्रत्येक वेळी नवा, घर तेच. 'चित्रचोर'मध्ये व्योमकेश दुखण्यातून उठलेला आहे, हवापालटासाठी संथाळ परगण्यात आलेला आहे, आणि पथ्यपाण्यावरून त्या दोघांची जी खणाखणी चालते तिच्यापुढे चोरी फिकी पडते. 'दुर्गरहस्य'च्या वेळी तिला दिवस गेलेले असतात. वर्षे उलटतात, मूल होते, ते वाढते. कादंबरीत ज्याला आपण कालप्रवाह म्हणतो तो इथे कुणाच्या लक्षात न येता खुनांच्या आडून वाहत राहतो.

आणि हे सारे सांगतो कोण? अजित. तो लेखक आहे, अविवाहित आहे, त्यांच्याच घरात राहतो. नवरा-बायकोच्या खोलीत त्याला प्रवेश नाही, आणि म्हणून वाचकालाही नाही. आपल्याला दिसते ते फक्त दाराबाहेर आलेले प्रेम: एखादा टोमणा, एखादी रिकामी ठेवलेली खुर्ची, जेवायला उशीर झाल्याची तक्रार. शरदिंदूंनी प्रेमकथा सांगण्यासाठी ज्याला प्रेमाचा अनुभव नाही असा माणूस नेमला, ही आम्हांला त्यांची फार मोठी हुशारी वाटते. पहिल्या भेटीची कथा 'अर्थमनर्थम्' (१९३३) पुन्हा वाचून पाहावी. घरात खून झालेला, भावावर संशय, आणि त्या भावासाठी जिवाचे रान करणारी एक सावळी, किडकिडीत मुलगी. व्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. आणि मुलीचे नाव सत्यवती. कथेच्या अखेरीस या दोन शब्दांचा खेळ अजितच्या ध्यानात येतो तेव्हा त्याच्याआधी तो आपल्या ध्यानात आलेला असतो. एवढेच. कुठेही प्रेमाची कबुली नाही.

आता एक धाडसी विधान करतो. मराठी कादंबरीत सुखी जोडपे सापडणे फार कठीण आहे. आम्ही दोघे मिळून वीसएक वर्षे कादंबरी शिकवत आहोत. 'रणांगण'मध्ये प्रेम आहे, पण त्याला संसार लाभत नाही. संसार आहेत तिथे घुसमट आहे, आणि तिला कारणेही सबळ आहेत, याबद्दल आमची तक्रार नाही. अपवाद म्हणून आमच्यासमोर नेहमी यमू आणि रघुनाथराव उभे राहतात, 'पण लक्षात कोण घेतो'मधले. मुंबईच्या बिऱ्हाडात ते दोघे एकमेकांना वाचून दाखवतात, गप्पा मारतात, एकमेकांचे मित्र होतात. मराठी गद्यातील दांपत्यसुखाची इतकी निर्मळ पाने दुसरी नाहीत. आणि हरिभाऊ काय करतात? रघुनाथरावांना मारतात. त्यांना मारणे भागच होते, कारण यमूचे वैधव्य हा त्या कादंबरीचा विषय आहे. गंभीर कादंबरीला एक प्रेत हवे असते आणि ते तिला घरातूनच उचलावे लागते. रहस्यकथेची सोय अशी की तिला प्रेत बाहेरून मिळते. शेजारच्या बंगल्यातला जमीनदार मरतो, वारसांत भांडणे लागतात, आणि मालिका पुढे चालवायची म्हणून नायकाच्या घराला धक्का लावता येत नाही. झुंजार-विजया काय किंवा व्योमकेश-सत्यवती काय, त्यांना लेखकाने दीर्घायुष्य दिले ते बाजाराच्या गरजेने. पण त्या गरजेतून भारतीय वाचकाला एकमेकांच्या सहवासात मजेत म्हातारी होणारी जोडपी मिळाली, हे काही थोडे नाही. त्या विद्यार्थिनीने नेमके हरिभाऊंचे पुस्तक काढावे आणि त्यामागून व्योमकेश निघावा, याला योगायोग म्हणतात.

असो. हे विधान आम्हांला ग्रंथालयात बसून सुचलेले नाही.

२०१४ मध्ये आमच्यातील तिला परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कायम जागा मिळाली. आमच्या विषयात अशी जागा पुन्हा कधी निघेल याची शाश्वती नव्हती. त्याच्याकडे दोन महाविद्यालयांतले तास आणि घरी बाबा. त्याला आंबिवली सोडता येईना. तिने जावे, असे आम्ही दोघांनी ठरवले. म्हणजे तेव्हा तरी 'दोघांनी ठरवले' असेच आम्ही म्हणत असू. दर महिन्या-दीड महिन्याने ती येई आणि रविवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने परत जाई. तो तिला कल्याणला गाडीत बसवून टिटवाळा लोकलची वाट पाहत उभा राही, आणि देवगिरी त्याच्या आधी शहाड मागे टाकून आंबिवलीवरून निघून जाई. ती खिडकीशी बसून आपले स्टेशन, आपला पूल, आपल्या इमारतीची टाकी जाताना बघे. गाडी तिथे थांबत नाही. काळू नदीवरून गाडी धडधडत गेली की ती दिवा मालवून आडवी होई, असे तिने पुष्कळ उशिरा सांगितले.

दुसऱ्या वर्षापर्यंत आमचे फोनवरचे बोलणे सिलिंडर, बाबांची रक्तदाबाची गोळी, विजेचे बिल आणि पगार जमा झाला का, एवढ्यावर आले होते. भांडण असे कधी झाले नाही. भांडायला जे बळ लागते तेही उरले नव्हते. एकीला वाटे, आपण एकटीने परक्या गावी भाड्याच्या खोलीत दिवस काढतो आहोत आणि त्याची किंमत कुणाला नाही. दुसऱ्याला वाटे, कायम नोकरी असलेल्या बायकोचा तासिकेवरचा नवरा म्हणून नातेवाईक जे बघतात ते तिला दिसत नाही. हे दोघांनीही मनातच ठेवले.

कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८६४, आमचे तिथले येणे-जाणे फार जुने) त्या पावसाळ्यात त्याच्या हाती व्योमकेशच्या अनुवादाचा एक खंड लागला. त्याने तिला विचारले, आठवतो का? तिने परभणीच्या दुकानातून हिंदी अनुवाद मागवला. ठरले असे की, आठवड्याला एक कथा. दोघांनी आपापल्या जागी वाचायची, उलगड्याच्या अलीकडे थांबायचे, आणि शनिवारी रात्री दहा वाजता फोनवर खुनी कोण ते सांगायचे. हरणाऱ्याने पुढच्या भेटीचे तिकीट काढायचे.

पहिले काही शनिवार खुन्यांतच गेले. मग 'शैलरहस्य' आली. या कथेत व्योमकेश चक्क आपल्या महाबळेश्वरला येतो, सह्याद्री नावाच्या हॉटेलात उतरतो आणि तिथे त्याच्यासारख्या तर्कनिष्ठ माणसाला भुताचा प्रत्यय येतो. वाईच्या मुलीला महाबळेश्वरचे काय कौतुक असणार? पसरणीचा घाट म्हणजे तिच्या अंगणातली वाट. तिने भुताचा विषयही काढला नाही. तिने विचारले, "हा तिथून पत्र कुणाला लिहितो?" तो म्हणाला, "अजितला." "आणि बायकोला?" तो म्हणाला, अगं, कथा सांगायची तर अजितलाच लिहायला हवे, ती निवेदनाची गरज आहे. बहुधा 'निवेदनतंत्र' असा शब्दही त्याने वापरला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "सत्यवतीला कुणी विचारलं का, की तुला पत्र यावंसं वाटतं का म्हणून?"

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोललो. आरंभी सारे सत्यवतीविषयी आणि व्योमकेशविषयी होते. व्योमकेशला फी मिळाली नाही तर घर कसे चालते? बाहेरची कीर्ती ज्याची त्याचीच, मग घरी बसलेल्याला काय वाटत असेल? 'आदिम रिपु'मध्ये व्योमकेश सांगतो की त्याचे वडील शाळेत गणित शिकवत, आणि आई-वडील दोघेही तो कोवळ्या वयात असताना क्षयाने गेले. मास्तराचे पोर, पैशाची सवय नाही. म्हणूनच त्याच कथेच्या शेवटी तो काळ्या पैशाच्या नोटा जाळू शकतो, असे आमच्यातील एकाने म्हटले. "जाळायला नोटा त्याच्या हातात होत्या तरी," दुसरीने म्हटले. केव्हातरी व्योमकेश आणि सत्यवती ही नावे गळून पडली. कोणत्या वाक्याला, ते आम्हांला आज सांगता येणार नाही.

मालिकेतील सर्वांत अस्सल प्रेमकथा म्हणाल तर 'शजारुर काँटा', म्हणजे साळिंदराचा काटा, १९६७ ची. इथे व्योमकेश बराच वेळ बाजूला असतो. दीपा नावाच्या मुलीचे घरच्यांनी देवाशिष या सज्जन तरुणाशी लग्न लावून दिलेले आहे. तिचे मन दुसरीकडे आहे, आणि ती पहिल्याच रात्री त्याला तसे सांगते. तो तिच्यावर कसलीही सक्ती करीत नाही. दोघे एका घरात पाहुण्यांसारखे राहतात. शहरात मात्र कुणीतरी साळिंदराचा काटा माणसांच्या हृदयात खुपसत चालला आहे; आधी एक भिकारी, मग आणखी कुणी. या दोन धाग्यांची गाठ जिथे पडते ते आम्ही सांगणार आहोत, तेव्हा ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावे. काटा देवाशिषलाही लागतो. तो वाचतो, कारण त्याचे हृदय जन्मतः उजव्या बाजूला आहे. परीक्षक म्हणून आम्ही या युक्तीला दहांपैकी तीन गुण देऊ. इतक्या दुर्मीळ शरीररचनेवर कथा तोलणे हा आळस आहे. वाचक म्हणून मात्र आम्ही दोघे आपापल्या गावी, साडेचारशे किलोमीटर अंतरावर, त्या पानाशी थांबलो. हृदय जिथे असते असे सगळे जग समजते तिथे ते नसून भलतीकडेच असणे, आणि त्याचा पत्ता घरातल्या बायकोला इतक्या उशिरा लागणे, ही नुसती युक्ती वाटेना. त्या शनिवारी खुनी कोण हे आम्ही एकमेकांना विचारलेच नाही. तिकीट कुणी काढायचे तेही ठरले नाही. दोघांनीही काढून ठेवले आणि एकाचे रद्द करावे लागले.

जगात अशा मालिकांना तोटा नाही. डोरोथी सेयर्सच्या लॉर्ड पीटर विम्सीला हॅरिएट व्हेन प्रथम भेटते ती १९३० मध्ये, आरोपीच्या पिंजऱ्यात. लग्न लागायला १९३७ उजाडते. मधल्या 'गॉडी नाइट'मध्ये विद्यापीठात काम करणाऱ्या स्त्रीने बुद्धी आणि संसार यांतले काय निवडावे यावर जेवढा विचार आहे तेवढा आमच्या कित्येक चर्चासत्रांत मिळून नव्हता. ॲगाथा ख्रिस्तीचे टॉमी आणि टपेन्स १९२२ मध्ये विशीतले आहेत आणि १९७३ मध्ये आजी-आजोबा. जे. डी. रॉब या नावाने नोरा रॉबर्ट्स १९९५ पासून पोलीस अधिकारी ईव्ह डॅलस आणि तिचा नवरा रोर्क यांच्या कादंबऱ्या लिहीत आल्या आहेत. त्यांची संख्या पन्नासच्या पुढे केव्हाच गेली. त्यातल्या दोन आम्ही वाचल्या. रोर्क अतोनात श्रीमंत आणि अतोनात देखणा असल्यामुळे आमच्यातील एकाला तो झेपला नाही. एकीला झेपला.

व्योमकेशमधील उणिवा आम्हांला दिसत नाहीत असे नाही. सत्यवतीच्या बुद्धीची चुणूक 'अर्थमनर्थम्'मध्ये दाखवून पुढे शरदिंदूंनी तिला बहुतांशी स्वयंपाकघरात पाठवले. तपासात तिचा हात क्वचितच लागतो. हॅरिएटशी तुलना केली की हे फार खुपते. तिला न विचारता दोन मित्र मोहिमेवर निघतात, ती रुसते, परत आल्यावर समजूत काढली जाते, हा साचा इतक्यांदा येतो की कंटाळा यावा. आमच्यातील ती तर म्हणते की सत्यवतीने एक कथा स्वतः लिहायला हवी होती. अजित पुढे पुढे निवेदनातून बाजूला होतो आणि कथा तृतीयपुरुषी होते, तेव्हा जागा रिकामी झालीच होती. तरीही, सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या जगात बाईमाणूस औषधालाही सापडत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे शरदिंदूंच्या घरातील बांगड्यांचा आवाज मोलाचा वाटतो.

२०१९ मध्ये तिची निवड ठाणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात झाली आणि ती आंबिवलीस परतली. शनिवारची कथा चालूच राहिली. आता ती मोठ्याने वाचली जाऊ लागली, कारण बाबांची दृष्टी गेली होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने आले तेवढे आले. झुंजार वाचून झाले की बाबा म्हणत, "तो तुमचा बंगाली लावा आता." आम्ही अनुवाद समोर धरून त्याचे आमच्या मराठीत उतरवत जात असू. बाबांना व्योमकेश बरा वाटे, पुंटिराम फार आवडे. सत्यवती रुसली की ते तिची बाजू घेत.

अशा रीतीने सगळे संपत आले. उरली 'विशुपालवध', जी शरदिंदूंच्या निधनामुळे १९७० मध्ये अर्धीच राहिली. तिच्यासाठी आम्ही कल्याणच्या एका बंगाली स्नेह्यांना गाठले. त्यांनी मूळ बंगालीतून वाचायचे, अर्थ सांगायचा आणि आम्ही वहीत उतरून घ्यायचे, असे चार रविवार चालले. नाटक कंपनीतील खुनाची ही कथा. प्रयोग चालू असताना रंगमंचावरच माणूस मरतो, आणि नाटक असते कीचकवधाचे. मराठीच्या अध्यापकांना कीचकवध म्हटल्यावर खाडिलकरांचे १९०७ चे नाटक आणि १९१० मध्ये त्याच्यावर आलेली सरकारी बंदी यांच्याशिवाय काय आठवणार? आम्ही बाबांना आधी ते सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. खून कुणी केला?"

वही वाचायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले असतील. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. व्योमकेश चौकशी करत होता, एकेक नट येऊन आपापले सांगत होता. पान उलटले. पुढे कोरे होते.

"पुढचं पान?" बाबांनी विचारले.

"नाही बाबा. इथंच राहिली. लिहिणारे गेले."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फाटलं नाही ना? लिहिलंच नाही ना?"

"लिहिलंच नाही."

"मग हरकत नाही," असे म्हणून त्यांनी पाय पसरले आणि खुनी कोण ते सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मते तो नाटकातलाच एक होता, आणि त्याची बायको त्याला पाठीशी घालत होती. बायकोच्या बाजूने ते बरेच बोलले. आम्ही मधूनमधून शंका काढत होतो, ते खोडून काढत होते. सव्वादहाच्या सुमारास खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि देवगिरी आंबिवलीवरून न थांबता गेली. बाबा आवाज जाईपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "तर ती बाई काय करते, ऐका."